पहाटेची हजेरी



दिवाळी आटोपते, पाहुणे आपापल्या गांवीं परततात, आणि पनवेलच्या वडाळे तलावाभोंवतीं दरवर्षीं एक नवी मंडळी दिसूं लागते. पायांत नवे बूट, अंगांत नवे सदरे, मनगटावर पावलें मोजणारें घड्याळ, आणि चेहऱ्यावर निश्चय. मुंबईस सामान्यतः जानेवारीच्या तिसऱ्या रविवारीं मॅरेथॉनची मोठी शर्यत भरते. २००४ सालापासून ती भरत आली आहे. तिच्यांतील एखाद्या अंतरासाठीं या मंडळींनीं नांव नोंदविलेलें असतें, किंवा पुढील वर्षीं नोंदविण्याचा संकल्प तरी केलेला असतो. पहिले कांहीं आठवडे ही मंडळी मोठ्या आवेशानें धांवते. पुढें एक एक चेहरा दिसेनासा होतो, आणि डिसेंबर अर्धा सरला कीं तलावाकांठीं पुनः आमच्यासारखे सावकाश फिरणारे वृद्ध तेवढे उरतात.

नाहींशा झालेल्यांपैकीं कोणी बाजारांत भेटला आणि चौकशी केली, तर उत्तर बहुधा ठरलेलें असतें: "काय करणार सर, थंडी फार पडली." या उत्तराची आज थोडी तपासणी करावयाची आहे. हीं माणसें आळशी नसतात. रोज लोकलनें मुंबईस जाऊन रात्रीं परतणारा मनुष्य पहाटे पांचाला उठून धांवावयास येतो, यांतच त्याचें मोल दिसतें. अशा मनुष्यानें एका महिन्यांत हातपाय गाळावे, आणि आपणांत चिकाटीच नाहीं असा स्वतःविषयीं कायमचा ग्रह करून घ्यावा, ही मला मोठी हानि वाटते. एक शर्यत हुकली तर कांहीं बिघडत नाहीं. पण हा ग्रह पुढें चाळीस वर्षें मनांत घर करून राहतो.

प्रथम थंडीचाच हिशोब पाहूं. डिसेंबर-जानेवारींत आमच्याकडे पहाटेचा पारा बहुधा १५ ते १८ अंशांच्या दरम्यान असतो. एखाद्या रात्रीं त्याहून थोडा खालीं उतरतो, एवढेंच. एकीकडे खाडी, दुसरीकडे प्रबळगड आणि माथेरानचे डोंगर. कडाक्याची थंडी आमच्या वांट्यास येतच नाहीं. नॉर्वे देशांतील ग्रेटे वाइट्स या बाई ऑस्लो शहरीं शिक्षिका होत्या. तेथील हिवाळ्यांत, शाळा भरण्यापूर्वीं, काळोखांत आणि बर्फांत त्या धांवण्याचा सराव करीत. १९७८ सालीं न्यूयॉर्कच्या मॅरेथॉनमध्यें त्या प्रथम उतरल्या. तोंपर्यंत एवढ्या अंतराची शर्यत त्या कधींच धांवल्या नव्हत्या. ती त्यांनीं जिंकली, आणि १९८८ पर्यंत तीच शर्यत एकंदर ९ वेळां जिंकली. त्यांच्या हिवाळ्याशेजारीं आमचा हिवाळा ठेवला तर आमची तक्रार कोणी ऐकून घेईल असें वाटत नाहीं.

उलट, धांवणाऱ्यास थंडी उपकारकच आहे. स्नायु जी शक्ति खर्च करतात, तिच्यांतील सुमारें तीन-चतुर्थांश भागाची उष्णता होते, आणि ती शरीराबाहेर टाकावी लागते. कातडीकडे रक्त धाडून आणि घाम गाळून शरीर हें काम करतें. हवा गरम आणि दमट असली, म्हणजे घाम वाळत नाहीं, हृदयास दुहेरी श्रम पडतात, आणि तेंच अंतर दुप्पट वाटतें. वैशाखांत पनवेलच्या रस्त्यावर ज्यानें चार किलोमीटर धांवून पाहिलें असेल, त्यास हें निराळें सांगावयास नको. कोंकणांतल्या मनुष्यास लांब अंतराची तयारी सुखानें करतां येईल असे वर्षांतून जेमतेम साडेतीन-चार महिने मिळतात, आणि ते हेच.

मग पहांटे पाय उचलत नाहीं तो कशामुळें? याचें पहिलें कारण अंधार होय. नोव्हेंबरच्या आरंभीं आमच्याकडे सूर्य ६ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास उगवतो. जानेवारीच्या मध्यास तोच सव्वासातला उगवतो. कित्येकांची अशी समजूत असते कीं, २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होऊं लागतो, तेव्हां उजाडूंही लवकर लागत असलें पाहिजे. तसें होत नाहीं. दिवस प्रथम वाढतो तो संध्याकाळच्या बाजूनें. पृथ्वीचा आंस कललेला आहे, तिची कक्षा लंबवर्तुळाकार आहे, आणि जानेवारीच्या आरंभीं ती सूर्याच्या सर्वांत जवळ असल्यामुळें तेव्हां तिची गतिही अधिक असते. या कारणांनीं त्या दिवसांत खरी माध्यान्ह घड्याळाच्या मानानें रोज थोडी थोडी उशिरां होते, आणि तिच्याबरोबर सूर्योदयही लांबतो. म्हणजे नवशिक्याचें अंतर ज्या आठवड्यांत वाढत असतें, नेमक्या त्याच आठवड्यांत पहाट त्याच्यापासून दूर दूर जात असते. त्यास वाटतें, आपलाच आळस बळावला.

डोळ्यांवर उजेड पडला, म्हणजे मेंदूंतील घड्याळास दिवस उगवल्याची वर्दी मिळते. झोप आणणारा स्राव थांबतो आणि शरीर कामास सिद्ध होतें. पहाटे पांचाला ही वर्दी मिळालेली नसते. शरीराची उष्णता रात्रींच्या उत्तरार्धांत सर्वांत उतरलेली असते, सांधे आंखडलेले असतात, आणि जाग आल्यावरही पंधरा मिनिटें ते अर्धा तास बुद्धि पुरती शुद्धीवर नसते. अशा वेळीं "आज जावें कीं न जावें" हा प्रश्न मनुष्य स्वतःला विचारतो, आणि उत्तर अर्थातच पांघरुणाच्या बाजूचें येतें. हा प्रश्न पहाटे विचारावयाचाच नसतो. तो रात्रीं, जेवण झाल्यावर, जागेपणीं सोडवावा. कपडे, मोजे, बूट एका खुर्चीवर काढून ठेवावे; पाण्याचा तांब्या भरून ठेवावा; गजर वाजतांच प्रथम दिवा लावावा. मग चालत तलावापर्यंत जावें. तेथें दहा मिनिटें नुसतें चालून झाल्यावर, खरोखरच बरें वाटत नसेल, तर खुशाल परत फिरावें. परत फिरण्याची मोकळीक अवश्य असावी, पण ती तलावापाशीं. दहा मिनिटांत रक्त खेळूं लागतें, आणि तेथवर आलेला मनुष्य क्वचितच परत जातो.

परंतु अंधारावर हा साधा उपाय चालतो. डिसेंबरांत जे कायमचे गळतात, ते बहुतेक दुसऱ्या कारणानें, आणि तें कारण म्हणजे घाई. येथें मला एका जुन्या शर्यतीची हकीकत सांगावयाची आहे. तिच्यांतील एक आंकडा पुढें उपयोगी पडेल.

पुण्याच्या डेक्कन जिमखाना या संस्थेचे अध्यक्ष दोराबजी टाटा यांनीं पहिल्या महायुद्धानंतरच्या काळांत तेथील मैदानी सामने पाहिले. धांवणारे बहुतेक शेतकरी घरांतील तरुण होते. ते अनवाणी धांवत. युरोपांतले नियम त्यांस ठाऊक नव्हते, शास्त्रोक्त शिक्षण त्यांस कोणी दिलेलें नव्हतें, आणि मैदानही खडबडीत गवताचें होतें. असें असूनही त्यांच्या धांवण्याच्या वेळा युरोपीय खेळाडूंच्या जवळपास येतात, हें टाटांच्या ध्यानांत आलें. त्यांच्या खटपटीनें १९२० सालीं बेल्जममधील अँटवर्प शहरीं भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांस हिंदुस्थानचा एक लहानसा संघ गेला. त्यांत बेळगांवचे फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे दोघे मॅरेथॉनसाठीं होते.

शर्यत २२ ऑगस्ट १९२० रोजीं झाली. हवा थंड आणि पावसाळी होती. मॅरेथॉनचें अंतर ४२.१९५ किलोमीटर हें १९०८ सालच्या लंडनच्या सामन्यांत प्रथम आलें. तथापि तें अद्याप सर्वत्र कायम झालेलें नव्हतें, आणि अँटवर्पचा मार्ग ४२.७५ किलोमीटरांचा होता. ऑलिंपिकच्या इतिहासांत इतका लांब मॅरेथॉनचा मार्ग दुसरा झाला नाहीं. फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन पहिले आले. दातारांस शर्यत पुरी करतां आली नाहीं. चौगुले २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत पोंचले आणि त्यांचा क्रमांक १९ वा लागला. ऑलिंपिकची मॅरेथॉन धांवलेले पहिले हिंदी ते हेच दोघे. आपल्या बेळगांवच्या या गृहस्थाचें नांव किती मराठी घरांत ठाऊक आहे, असा प्रश्न मनांत येतो, असो.

आतां तो आंकडा. चौगुल्यांच्या वेळेस अंतरानें भागिलें, तर दर किलोमीटरास जेमतेम ४ मिनिटें येतात. हा वेग त्यांनीं पावणेतीन तासांहून अधिक काळ टिकविला. आमचा नवशिका तलावाची पहिली फेरी धांवतो, तेव्हां आवेशाच्या भरांत त्याचा वेग कित्येकदां याच्या आसपास जातो. दुसऱ्या फेरींत तो धापा टाकूं लागतो, तिसऱ्या फेरींत कमरेवर हात ठेवून उभा राहतो, आणि घरीं जातांना मनाशीं म्हणतो कीं धांवणें हें फार कष्टाचें काम आहे. त्यानें ४२ किलोमीटरांची तयारी केलेली नसते, चारशें मीटरांची शर्यत मात्र रोज स्वतःशींच हरलेली असते. शरीरास हें स्मरण राहतें. चौथ्या पांचव्या पहाटे गजर वाजला कीं तें त्या धापेच्या आठवणीनें आंखडतें.

नवशिक्यानें किती हळू धांवावें? शेजारच्या सोबत्याशीं पुरें वाक्य बोलतां येईल इतकें. जो एकटाच असेल त्यास मी पाढ्याची कसोटी सांगतों: बाराचा पाढा मोठ्यानें म्हणावा, ओळ मध्येंच तुटूं लागली कीं गति अधिक आहे असें समजावें. बहुतेक नवशिक्यांस या कसोटीनें दर किलोमीटरास साडेसात ते नऊ मिनिटें लागतात, कित्येकांस त्याहूनही अधिक. दोन मिनिटें धांवावें आणि एक मिनिट चालावें, अशी सुरवात केली तरी चालेल. यांत लाज कसली? भरभर चालणारी एखादी आजीबाई आपणांस मागें टाकून जाईल, जाऊं द्यावी.

या मंद गतीचें शास्त्र असें आहे. दीर्घकाळ सावकाश धांवल्यानें स्नायूंत रक्ताच्या सूक्ष्म केशवाहिन्या वाढतात, प्राणवायूच्या साहाय्यानें शक्ति निर्माण करणारे पेशींतील अतिसूक्ष्म घटक वाढतात, आणि हृदय एका ठोक्यांत अधिक रक्त ढकलूं लागतें. हा लाभ धापा टाकल्याशिवायच होतो. मात्र शरीराचे सर्व भाग एकाच वेगानें तयार होत नाहींत, आणि सारा घोटाळा येथेंच आहे. श्वास सुधारतो तो तीन-चार आठवड्यांत. स्नायूंस हाडाशीं बांधणाऱ्या कंडरा आणि स्वतः हाडें हीं घट्ट होण्यास महिने लागतात. चौथ्या आठवड्यांत नवशिक्यास वाटूं लागतें, आतां आपण तयार झालों. तो वेग वाढवितो, अंतरही वाढवितो. आणि मग नडगी ठणकूं लागते, टांच दुखते, गुडघा कुरकुर करतो. आतां दिवाळीपासून पांच-सहा आठवडे मोजा. डिसेंबरचा पहिला-दुसरा आठवडा येतो, आणि पनवेलास खरी थंडीही तेव्हांच पडूं लागते. नडगी दुखण्याची आणि गारठा वाढण्याची तिथि एकच पडल्यामुळें बिचाऱ्या थंडीवर हा आरोप आला आहे.

म्हणून माझें म्हणणें असें कीं, उत्साह टिकविण्यासाठीं मन घट्ट करण्याची जितकी आवश्यकता आहे, त्याहून अधिक आवश्यकता गति आंवरण्याची आहे. ज्या पहाटेनंतर मनुष्य थोडा ताजा घरीं येतो, त्या पहाटेकडे तो दुसऱ्या दिवशीं आपण होऊन जातो. त्यास स्फूर्तिदायक वचनें भिंतीवर लावावीं लागत नाहींत. आठवड्यांतून चार दिवस पुरेत. अंतर हळूहळू वाढवावें, आणि दर तीन आठवड्यांनंतर एक आठवडा मुद्दाम हलका ठेवावा. दुखणें चालतांनाही जाणवत असेल, किंवा एकाच बोटाएवढ्या जागीं टोंचत असेल, तर धांवणें बंद करून डॉक्टरांस दाखवावें. ज्याचें वय चाळिशीपुढें गेलें आहे, ज्यास रक्तदाब किंवा मधुमेह आहे, अथवा ज्याच्या घराण्यांत हृदयविकार आहे, त्यानें तर आरंभापूर्वींच तपासणी करून घ्यावी. छातींत दडपण, घेरी किंवा डाव्या हातांत कळ आली, तर तें थकव्याचें लक्षण म्हणून सोडून देऊं नये.

आतां हजेरीकडे येतों. उभा जन्म शाळेंत गेल्यामुळें मला हजेरीपटाचें महत्त्व अधिक वाटत असेल. परंतु नवशिक्यानें एक साधी वही घालावी असें मी आग्रहानें सांगेन. तिच्यांत तारीख लिहावी आणि गेलों किंवा गेलों नाहीं एवढेंच लिहावें. किती वेगानें, हें पहिले दोन महिने लिहूंच नये. मनगटावरचें घड्याळ रोज वेगाचा आंकडा दाखवितें, आणि तो आंकडा झोंप, हवा, आदल्या दिवशींची दगदग यांप्रमाणें खालींवर होतो; शरीराची खरी सुधारणा त्यांत आठवड्या-आठवड्यानें दिसत नाहीं. प्रगति पाहावयाचीच असेल, तर पहाटे अंथरुणांत पडल्या पडल्या नाडीचे ठोके मोजावे. आठ-दहा आठवड्यांत ते बहुधा कमी झालेले आढळतील. हृदय कमी फेऱ्यांत तेंच काम करूं लागल्याची ती खूण होय.

गैरहजेरीविषयीं एक गोष्ट शाळेंत फार वेळां पाहिली आहे. मुलास ताप आला म्हणजे तो दोन दिवस येत नाहीं. तिसऱ्या दिवशीं ताप नसतो. पण मधला अभ्यास बुडालेला असतो, गुरुजी काय म्हणतील ही भीति असते, म्हणून तो तिसऱ्या दिवशींही येत नाहीं. चौथा दिवस त्याहून अवघड होतो. पुढची गैरहजेरी तापाची नसून लाजेची असते. मोठ्या माणसांचें अगदीं असेंच घडतें. लग्नकार्य, सर्दी, कचेरींतली रात्रपाळी, यांमुळें तीन दिवस चुकतात; मग ते भरून काढण्यासाठीं चौथ्या दिवशीं दुप्पट धांवावें असें मनुष्य ठरवितो, आणि त्या दुपटीच्या धास्तीनें तो दिवसही जातो. चुकलेले दिवस चुकलेलेच राहूं द्यावे. परत येणाऱ्या मुलास जसें आपण मागच्या चार दिवसांबद्दल न बोलतां जागेवर बसवितों, तसें स्वतःसही बसवावें. आणि त्या दिवशीं नेहमींहून थोडें कमीच धांवावें. आठवडाभर ताप येऊन गेला असेल, तर दुसरा आठवडा नुसता चालण्यांत घालवावा.

घरांतील इतर मंडळींविषयीं बोलणें येथें अवश्य आहे. कारण पहाटेचा गजर एकट्यासाठीं वाजला तरी ऐकूं सर्वांस येतो. पुरुष धांवावयास निघाला, म्हणजे त्याचें कौतुक होतें. त्याच घरांतील बाईस धांवावेंसें वाटलें, तर पहाटेचे पांच ते सात हे तास चहा, डबे आणि मुलांच्या शाळेचे असतात. तिनें चिकाटी धरावी असें नुसतें म्हणून उपयोग नाहीं. आठवड्यांतून चार दिवस पोळ्या दुसऱ्या कोणीतरी लाटल्या पाहिजेत, किंवा डबा रात्रींच भरून ठेवला पाहिजे, आणि ही व्यवस्था तिनें मागण्यापूर्वीं झाली तर अधिक चांगलें. काळोखांत एकटीनें जाण्यास संकोच वाटणें स्वाभाविक आहे. दोघी-तिघींनीं मिळून जावें, फिकट रंगाचे कपडे घालावे, आणि वाहनांच्या समोरून येणाऱ्या बाजूनें, उजेड असलेल्या रस्त्यानें धांवावें. सोबतीचा दुसराही लाभ आहे. कोपऱ्यावर कोणी तरी थंडींत आपली वाट पाहत उभें आहे, या जाणिवेनें पांघरूण जितकें लवकर दूर होतें, तितकें दुसऱ्या कशानेंही होत नाहीं. हा नियम अर्थात् पुरुषांसही लागू आहे. सातारा जिल्ह्यांतील माण या दुष्काळी तालुक्याच्या मोही गांवच्या ललिता बाबर यांनीं मुंबईच्या मॅरेथॉनमध्यें भारतीय स्त्रियांत २०१२, २०१३ आणि २०१४ असा तीन वर्षें ओळीनें पहिला क्रमांक मिळविला, आणि पुढें २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें अडथळ्यांच्या शर्यतींत अंतिम फेरी गांठली. त्यांचें उदाहरण आतां खेडोपाडींच्या मुलींस ठाऊक आहे. शहरांतील मध्यमवयीन गृहिणीस मात्र अद्याप स्वयंपाकघरांतून सुटी मिळणें कठीण जातें.

रविवार हा लांब पल्ल्याचा दिवस. अंतराची कल्पना येण्यासाठीं पनवेलकरांनीं आपली लोकल डोळ्यांपुढें आणावी. पनवेल ते छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस हा लोहमार्ग सुमारें ४९ किलोमीटर आहे. दहा किलोमीटर म्हणजे बेलापूरच्या आसपास; अर्धी मॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटर, वाशीच्या खाडीपाशीं; आणि पुरी मॅरेथॉन थेट शिवडीच्या जवळपास. गाडींत बसून जें अंतर कंटाळवाणें वाटतें, तें पायांनीं तोडावयाचें आहे, हें एकदां नीट मनांत आणलें, म्हणजे नोव्हेंबरांत आरंभ करून जानेवारींत पुरी मॅरेथॉन धांवण्याचा बेत किती अविचाराचा आहे, हें दिसून येईल. माझ्या मतें अगदीं नव्या मनुष्यानें पहिल्या हिवाळ्यांत दहा किलोमीटरांवर समाधान मानावें, पुढील पावसाळा निदान सराव राखण्यांत घालवावा, आणि दुसऱ्या हिवाळ्यांत अर्ध्या किंवा पुऱ्या अंतराचा विचार करावा. हें ऐकून कित्येकांचा हिरमोड होतो. परंतु पहिला हिवाळा जो सुखरूप पार पाडतो, तोच दुसऱ्या हिवाळ्यांत तलावावर दिसतो.

लांब पल्ल्यास घाई कां चालत नाहीं, याचें आणखी एक कारण शरीराच्या कोठारांत आहे. यकृत आणि स्नायु यांमध्यें साठविलेल्या साखरेपासून सुमारें २००० कॅलरी शक्ति मिळते. धांवण्यास दर किलोमीटरामागें शरीराच्या दर किलो वजनास सुमारें एक कॅलरी लागते; म्हणजे ६० किलो वजनाच्या मनुष्यास ४२ किलोमीटरांसाठीं २५०० हून अधिक कॅलरी पाहिजेत. वेगानें धांवणारा मुख्यतः साखर जाळतो, आणि तिसाव्या किलोमीटरापुढें त्याचें कोठार रिकामें होऊन पाय शिशासारखे जड होतात. सावकाश धांवणारा चरबीही बऱ्याच प्रमाणांत वापरतो, आणि कित्येक महिन्यांच्या सरावानें शरीर हें अधिकाधिक शिकतें. दीड तासाहून अधिक धांवावयाचें असेल, तर बरोबर केळें किंवा चिक्कीचा तुकडा, आणि मीठ-साखर घातलेलें लिंबाचें पाणी असावें. थंडींत तहान लागत नाहीं म्हणून पाणी पिण्याचें विसरतें. घाम मात्र येतच असतो.

रविवारच्या या बेतास आमच्या रायगड जिल्ह्यांत एक गोड विघ्न आहे. वालाच्या शेंगा भरास आल्या कीं शनिवारच्या रात्रीं शेतांत पोपटी लागते. मडक्यांत भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, मडकें उपडें, भोंवतीं जाळ, आणि भोंवतालीं मध्यरात्रीपर्यंत गप्पा. हिला नको म्हणणाऱ्या मनुष्याबद्दल मला तरी आदर वाटणार नाहीं. पोपटीस अवश्य जावें, आणि त्या आठवड्याचा लांब पल्ला सोमवारीं किंवा दुसऱ्या सुटीच्या दिवशीं करावा. ज्या वेळापत्रकांत वर्षाचा एकही आनंद बसत नाहीं, तें वेळापत्रक पौष महिना पाहत नाहीं.

हवेविषयीं मात्र सावध राहावें. हिवाळ्याच्या रात्रीं जमीन लवकर निवते. तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन खालीं बसते, आणि वरच्या ऊबदार थराचें झांकण तिच्यावर पडतें. मग वाहनांचा धूर, रस्त्यांची आणि बांधकामांची धूळ, शेकोट्यांचा आणि पेटविलेल्या पाल्याचा धूर, हें सर्व त्या झांकणाखालीं कोंडून राहतें. ज्या पहाटे समोरचे डोंगर दिसत नाहींत आणि घशास खवखव सुटते, त्या पहाटे महामार्गाच्या कडेनें धांवूं नये. झाडांच्या आणि पाण्याच्या बाजूस जावें, अंतर निम्मे करावें, किंवा सूर्य वर येऊन धुकें हललें म्हणजे निघावें. दम्याच्या रोग्यानें त्या दिवशीं घरींच हातपाय हलवावे. वहींत त्याही दिवसाची हजेरी मांडण्यास हरकत नाहीं.

शर्यतीपूर्वींच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत अंतर कमी करावयाचें असतें, आणि हें कित्येकांस सर्वांत जड जातें. इतके दिवस वाढवीत आणलें, आतां कमी केलें तर सर्व विसरूं, असें वाटतें. पाय हलके वाटत नाहींत, उगीच इकडे तिकडे दुखल्याचा भास होतो, रात्रीं झोंप लागत नाहीं. ही स्थिति सर्वांस येते, आणि ती आपोआप जाते. तयारी झालेली असते ती दोन आठवड्यांत नाहींशी होत नाहीं. या दिवसांत नवे बूट घेऊं नयेत आणि नवें खाणेंही करून पाहूं नये. संक्रांतीचे तिळगूळ पिढ्यान्‌पिढ्या आपल्या पोटाच्या ओळखीचे असल्यामुळें ते चालतील. शर्यत काळोखांतच सुरू होते, तेव्हां मुंबईस कोणी आप्त असल्यास आदल्या दिवशीं दुपारींच त्यांच्याकडे मुक्कामास जावें, आणि पहिलें किलोमीटर भोंवतालची गर्दी कितीही पळत असली तरी बाराच्या पाढ्याच्या गतीनेंच काढावें.

शर्यतीनंतरचा आठवडा केवळ चालावें. जिने उतरतांना मांड्या ओरडतील. चार-पांच दिवसांत त्या शांत होतात. त्यानंतर पुनः तलावावर यावें. तोंपर्यंत सूर्यही रोज थोडा थोडा लवकर उगवूं लागलेला असतो, फेब्रुवारींतल्या पहाटा आमच्याकडे गारच असतात, आणि शिमग्यापर्यंत धांवण्याजोगे चांगले पांच-सहा आठवडे हातीं राहतात.